वर्गात ‘बायल्या’ म्हणून हाका मारतात, सरांनी काय करायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमधे नववीचा वर्गशिक्षक आहे. एका मुलाला पोरं बायल्या, छक्का म्हणतात, तो फळ्यापाशी आला की मागनं टाळ्या वाजवतात. आता तो डबापण एकटाच खातो. मी म्हटलं बाळा लक्ष देऊ नको, पण काय उपयोग झाला नाही. स्टाफरूममधे म्हणतात पालकांना बोलवा, डॉक्टरला दाखवू देत. काय करू?

उत्तर : सर, पालकांना असलं काही अजिबात सांगू नका. तो गे आहे का नाही हे आपल्याला माहीत नाही, कदाचित त्यालाही अजून नीट कळलेलं नसेल, आणि कुणाला कधी सांगायचं हे त्याचं त्यानंच ठरवायचं, घरी असं परस्पर कळल्यामुळं मार खाल्लेली पोरं आहेत हो. आणि डॉक्टर कशाला? हा आजारच नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० लाच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं ते गैरवर्तन धरायचं असं नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मधे सांगितलंय.

‘लक्ष देऊ नको’ म्हटलं की सगळं ओझं त्या लेकरावरच पडतं. काम वर्गावर करायचंय. पुढच्या वेळी तो शब्द आला की शिकवणं तिथंच थांबवा, जातीवरनं शिवी दिली असती तर जसं खडसावलं असतं तसंच खडसावा, फक्त त्या मुलाचं नाव घेऊ नका, त्याला उभं करू नका. हसणारी बरीचशी पोरं, मला वाटतं, आपला नंबर लागू नये म्हणून हसतात. त्यातलं ज्याचं सगळे ऐकतात ते एखादं पेठेतल्या फुटबॉल टीममधलं पोरगं बाजूला घ्या, त्याच्याशी मोकळं बोला, ते शेजारी डबा घेऊन बसलं तर निम्मं काम झालं. आपल्या कोल्हापुरात हे झालेलंच आहे की, गंगाराम कांबळेंच्या हाटेलात अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून कोण जात नव्हतं, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे, नुसतं भाषण देऊन थांबले नाहीत.

मुलगा फारच खचलेला वाटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात. बाकी खोदून काही विचारू नका, एवढंच विचारा की डबा कुणाबरोबर खायला आवडेल.