वाचकांचे प्रश्न : थंडीचे दिवस, गरम पाणी आणि विजेचे बिल

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत गीझर, हीटर आणि बिलाच्या तक्रारी सर्वाधिक असतात. त्यांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. एका वाचकांचे पत्र इंग्लंडहून आले असून त्यांचा प्रश्न इथल्यापेक्षा बराच वेगळा आहे, तरी तोही घेतला आहे.

प्रश्न : आमच्या घरात चार माणसे आहेत. ऑक्टोबरच्या बिलात 210 युनिट होते, ते जानेवारीत 330 झाले. पंखे बंद असताना वापर वाढतो कसा? तीनशेच्या वर गेल्यामुळे सगळे बिल वरच्या दराने लागले, असे शेजारी सांगतात. गीझर दिवसभर चालूच ठेवला तर वीज कमी लागते, हेही खरे आहे का?
(गृहिणी, नाशिक रोड)

उत्तर : शेजाऱ्यांचा समज चुकीचा आहे, पण फार लोकांचा तो आहे. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे असे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यातल्या युनिटांपुरताच लागतो. आपल्या 330 पैकी पहिल्या शंभरांना सर्वांत कमी दर लागला, पुढच्या दोनशेंना दुसरा, आणि केवळ शेवटच्या 30 युनिटांना तिसरा. त्यावर वहन आकार, स्थिर आकार, असल्यास इंधन समायोजन आकार आणि शेवटी 16 टक्के वीज शुल्क चढते, म्हणून बिलाची रक्कम डोळ्यांत भरते. मात्र हे शेवटचे 30 युनिट सर्वांत महागडे असल्याने बचतीची सुरुवात तिथूनच केलेली बरी.

आता वापर का वाढला ते पाहू. पाण्याचे लिटर गुणिले वाढवायचे अंश सेल्सिअस, आणि या गुणाकाराला 860 ने भागले, की लागणारे युनिट मिळतात. गच्चीवरच्या टाकीतले पाणी जानेवारीत पहाटे 20 अंशांवर असेल आणि अंघोळीला 40 अंशांचे पाणी हवे असेल, तर 20 लिटरच्या एका बादलीला अर्ध्या युनिटाला थोडी कमी वीज लागते. मे महिन्यात तेच पाणी 30 अंशांवर येते, तेव्हा त्याच बादलीला निम्मीच वीज पुरते. चार माणसांनी रोज एकेक बादली घेतली तर महिन्याला 55 ते 60 युनिट होतात. पण शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले तर सहज 70 लिटर पाणी जाते आणि माणशी दीड युनिटाहून अधिक वीज लागते, म्हणजे चौघांचे महिन्याला 190 च्या पुढे. आपल्या पत्रात शॉवरचा उल्लेख नाही, तरी 120 युनिटांची वाढ पाहता तो घरात असावा, असा माझा तर्क आहे. शॉवरखाली बादली धरून एका मिनिटात किती पाणी साठते ते एकदा मोजून पाहावे. घरातल्या तरुण मंडळींना आकडा दाखविल्यावर बोलण्याची फारशी गरज उरत नाही.

गीझर सतत चालू ठेवल्याने वीज वाचत नाही. टाकीतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितके जास्त गरम आणि जितका जास्त वेळ गरम, तितकी उष्णता टाकीच्या भिंतीतून निघून जाते, आणि तेवढी भरून काढण्यासाठी गीझर अधूनमधून पुन्हा पेटतो. गीझरवरच्या तारांकित लेबलवर चोवीस तासांत होणारी ही घट छापलेली असते. ती विकत घेताना पाहावी, कारण पाणी तापविण्याची वीज सगळ्या गीझरना जवळजवळ सारखीच लागते आणि खरा फरक या घटीतच असतो. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मीटरजवळ जावे. मीटरवर 'इम्प' या अक्षरांपुढे 1600 किंवा 3200 असा आकडा असतो, आणि तितक्या वेळा तांबडा दिवा लुकलुकला की एक युनिट पूर्ण होते. रात्री सगळे बंद असताना मंदावलेला हा दिवा गीझर पेटताच, 3200 चा मीटर असेल तर, सेकंदाला जवळपास दोनदा उडू लागतो.

गीझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती अंशांपर्यंत तापवायचे ते ठरविणारी कळ, 65 वरून 50 वर आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो योग्य आहे, पण त्याने अंघोळीची वीज वाचत नाही, कारण कढत पाण्यात आपण विसण घालतोच. वाचते ती टाकीतून होणारी घट. म्हणून अंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटे गीझर लावावा, सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकाव्यात आणि नंतर बटण बंद करावे. टाकीत क्षार साचल्यामुळे बिल वाढते हेही अर्धसत्य आहे. वीज शेवटी पाण्यातच जाते. मात्र क्षाराच्या थरामुळे पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते.

प्रश्न : आई-वडील पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत आणि रात्री त्यांना फार थंडी वाजते. दुकानदार म्हणतो, तेलाचा हीटर घ्या, तो हॅलोजनपेक्षा खूप कमी वीज खातो. किंमत बरीच आहे. घ्यावा का?
(बँक कर्मचारी, नागपूर)

उत्तर : कमी वीज खाण्याचे कारण असेल तर घेऊ नये. दोन हजार वॉटचा हीटर तेलाचा असो, पंख्याचा असो वा हॅलोजनचा, तासाला दोन युनिटच घेणार आणि तेवढीच उष्णता देणार. तेलाच्या हीटरमध्ये प्रकाश नाही, आवाज नाही आणि तापलेली तार उघडी नाही, म्हणून झोपण्याच्या खोलीत तो अधिक सुरक्षित आहे, एवढाच त्याचा खरा गुण. हॅलोजनचा हीटर समोरच्या माणसाला लगेच ऊब देतो, पण खोली तापवत नाही. संध्याकाळी खुर्चीत बसलेल्या माणसासाठी तो बरा, पांघरुणाशेजारी रात्रभर ठेवण्यासाठी नव्हे.

मुळात आपली घरे उष्णता बाहेर टाकण्यासाठी बांधलेली आहेत. उंच छत, झरोके, दाराखालची फट आणि थंडावलेला स्लॅब या सगळ्यांतून खोलीतली ऊब निघून जाते. पूर्ण शक्तीवर रात्रीचे आठ तास हीटर चालला तर 16 युनिट जातात. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद पाडतो असे धरले, तरी महिन्याचा आकडा दोन-तीनशे युनिटांच्या घरात जाईल. त्यापेक्षा अंथरूण गरम करणे फार स्वस्त पडते. विजेची गादीपट्टी साधारण शंभर वॉटची असते आणि रात्रभर चालली तरी एक युनिटाहून कमी वीज घेते. ती घडी घालून वापरू नये, आणि मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी झोपण्यापूर्वी बंद करावी, कारण भाजलेले त्यांना कळत नाही. पलंगावर लोखंडी पट्ट्या आणि पातळ गादी असेल, तर थंडी अंगाला खालून लागते. अशा वेळी वर तिसरी रजई घेण्यापेक्षा गादीखाली जाड घोंगडी अंथरल्याचा उपयोग जास्त होतो. दाराच्या फटीत जुन्या कापडाची गुंडाळी सारून ठेवावी. शेगडीत कोळसे पेटवून ती बंद खोलीत मात्र ठेवू नये.

उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल, तर गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी पाहावा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच उबेसाठी त्याला हीटरच्या साधारण तिसरा हिस्सा वीज लागते. हीटर कोणताही असो, तो 16 अँपियरच्या स्वतंत्र प्लगवरच लावावा. मोबाइल चार्ज करण्याच्या एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावलेला मी अनेक घरांत पाहिला आहे, आणि त्या बोर्डाचे प्लास्टिक पिवळे पडून वाकलेलेही.

प्रश्न : गॅस गीझर स्वस्त पडतो म्हणून बाथरूममध्ये बसविला. खिडकी लहान आहे आणि थंडीत ती आम्ही लावून घेतो. परवा मुलगी अंघोळ करून बाहेर आली तेव्हा तिचे डोके दुखत होते आणि चक्कर येत होती. याचा गीझरशी संबंध असेल का?
(वाचक, पुणे)

उत्तर : संबंध असण्याची शक्यता दाट आहे, आणि हा अंक हाती पडल्यापासून तो गीझर वापरू नये. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो वास आपल्याला येतो तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. जळून तयार झालेल्या या विषारी वायूला तो नसतो. आधी डोके दुखते, मग चक्कर येते, पायांतले बळ जाते, आणि आतून कडी लावलेली असेल तर ती उघडण्याचीही शक्ती राहत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. गीझर बाथरूमबाहेर, कोरड्या बाल्कनीसारख्या मोकळ्या हवेच्या जागी हलवावा आणि तिथून पाण्याची नळी आत आणावी. मुलीला डॉक्टरांना दाखवावे, आणि गीझर बंद खोलीत होता हे त्यांना आवर्जून सांगावे.

स्वस्ताईचा हिशेब स्वतः करून पाहता येतो. घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरमधून गॅस गीझरला साधारण 140 युनिटांएवढी उपयोगी उष्णता मिळते. सिलिंडरच्या किमतीला 140 ने भागावे, आणि येणारा आकडा आपल्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याच्या दराशी, सर्व आकार धरून, ताडून पाहावा. पाइपचा गॅस असेल तर एका घनमीटरच्या दराला साडेआठाने भागावे. ज्यांचा वापर वरच्या टप्प्यात जातो त्यांना गॅस बहुधा स्वस्त पडतो. शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला नव्या गीझरचा खर्च करून विशेष काही हाती लागत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून लीड्समध्ये राहतो. घरात गॅस बॉयलर आणि त्यातल्या गरम पाण्याने खोल्या तापविणारे रेडिएटर आहेत. मित्र सांगतात, हीटिंग दिवसभर मंद चालू ठेवले की स्वस्त पडते. सरकारने बिलाला कमाल मर्यादा घातली आहे असेही ऐकले. मग बिल इतके कसे येते?
(वाचक, इंग्लंड)

उत्तर : ती मर्यादा तिथले ऊर्जा नियामक ऑफजेम ठरवते, आणि ती एका युनिटाच्या दरावर व रोजच्या स्थिर आकारावर असते. जाहीर होणारा वार्षिक आकडा सरासरी वापराच्या घराचा नमुना असतो. जास्त वापरले तर बिल त्याच्या वर जाणारच.

दिवसभर मंद चालू ठेवण्याचा सल्ला आपल्या गीझरच्या समजुतीसारखाच आहे. घर जितका वेळ गरम, तितकी उष्णता बाहेर जाते; तेव्हा दोघेही कामावर असताना हीटिंग बंद ठेवून परतण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी टायमरने सुरू करावे. कडाक्याच्या थंडीत नळ गोठू नयेत एवढी ऊब मात्र राहू द्यावी. बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान बहुधा 70-80 अंशांवर लावलेले असते. कॉम्बी बॉयलर, म्हणजे टाकीत न साठवता लागेल तेव्हा पाणी तापविणारा बॉयलर, असेल तर रेडिएटरचे हे तापमान 60 च्या आसपास आणावे, म्हणजे परत येणारे पाणी पुरेसे थंड राहून धुरातल्या वाफेची उष्णताही वसूल होते. खोल्या तापायला थोडा अधिक वेळ लागेल, पण गॅस वाचेल. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल, तर त्या टाकीतले पाणी जंतूंच्या भीतीमुळे 60 अंशांखाली ठेवू नये.

तिथे विजेचा एक युनिट गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट महाग असतो, म्हणून प्लगवरचा हीटर एकाच खोलीपुरता आणि थोड्या वेळासाठीच परवडतो. कपडे खोलीतच वाळवत असाल तर खिडकी किंचित उघडी ठेवावी, नाहीतर भिंतींवर बुरशी धरते.

प्रश्न : आमच्याकडे चार जनावरे आणि गोबर गॅस आहे. दिवाळीपर्यंत दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो, पण जानेवारीत सकाळचा चहा कसाबसा होतो आणि सिलिंडर मागवावा लागतो. संयंत्रात बिघाड असेल का?
(शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : बिघाड असेलच असे नाही. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि ज्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या कराव्या लागतात त्या थंडीत गॅस तयार करणारे जिवाणूही मंदावतात. त्यांना 30 ते 38 अंश मानवतात, 20 च्या खाली त्यांचे काम फार कमी होते. शेण कालविण्याचे पाणी पहाटे विहिरीतून उपसून न वापरता काळ्या टाकीत किंवा पिंपात दिवसभर उन्हात ठेवावे, आणि दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान शेण व पाणी समप्रमाणात कालवून सोडावे. शेण ताजे असावे. रात्रभर पडलेले शेण आपली ऊब घालवून बसते. जमिनीत बांधलेल्या घुमटाच्या संयंत्रावर उसाच्या पाचटाचा किंवा भाताच्या पेंढ्याचा हातभर जाडीचा थर घालावा आणि तो दवाने भिजू नये म्हणून वर प्लास्टिक टाकावे. लोखंडी तरंगत्या टाकीतून उष्णता लवकर जाते, म्हणून तिच्याभोवती वाऱ्याच्या बाजूने कडब्याची आडवण उभी करावी. गॅस कमी झाला म्हणून घाईने दुप्पट शेण ओतू नये. थंडावलेल्या जिवाणूंना ते पचत नाही, आतला रस आंबट होतो आणि फेब्रुवारीत ऊन वाढले तरी गॅस लवकर पूर्ववत होत नाही. हे सगळे करूनही ज्योत पिवळी आणि अडखळत जळत असेल, तर नळीत पाणी साचले आहे का ते पाहावे. थंडीत वाफ निवून उतरत्या जागी पाणी जमते आणि ते काढण्यासाठी दिलेली तोटी महिनोन्महिने कोणी उघडलेली नसते.