फिट आल्यावर हातात लोखंड दिल्यानं फिट थांबते का?

तुमचा प्रश्न वाचला आणि जीभ आपोआप पुढच्या खोट्या दाताकडं गेली.

तुम्ही लिहिलंय की 19 वर्षांच्या धाकट्या भावाला दोन महिन्यांत दोनदा फिट आली, दोन्ही वेळा आजीनं त्याच्या मुठीत लोखंडी उलथनं दिलं आणि फिट थांबली. यात काही तथ्य आहे का, आणि डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या किती वर्षं घ्यायच्या, असं विचारलंय. पहिल्याचं उत्तर: थांबली हे खरं, उलथन्यानं थांबली हे खोटं. हा प्रयोग माझ्यावर झालेला आहे. फक्त तो करणाऱ्यांना निकाल अजून मान्य नाही.

मी बेळगावातल्या वडगावचा. घरात माग. प्रयोगकर्ते म्हणजे आमचे थोरले चुलते, आप्पा. आप्पांची ओळख एवढ्यावर भागत नाही, कारण ते पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. कुणाची उसण भरली की येळ्ळूर, धामण्यापासून माणसं आमच्या दारात येऊन पालथी पडतात, आप्पा कमरेवर डावा पाय तीनदा टेकवतात, माणूस नारळ ठेवून जातो. पैसे घेत नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर गैरसमज व्हायचा.

2003 च्या मार्चमध्ये माझी एसएसएलसी, म्हणजे दहावी होती. दोन रात्री चहावर जागलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मागाच्या शेडमध्ये पडलो. मला आठवतं ते एवढंच, की तोंडात रक्ताची चव आहे आणि वर आठ-दहा चेहरे आहेत. मधलं सगळं आईनं सांगितलेलं. दोघं पायांवर बसले, एकानं नाकाला चप्पल लावली, आप्पांनी करगोट्याची शेडची किल्ल्यांची जुडी सोडून माझ्या मुठीत कोंबली आणि दातखीळ उघडायला चमच्याचा दांडा घातला. दात तेव्हाच गेला. जीभ गिळेल म्हणून चमचा घातला म्हणे. जीभ कुणाला गिळता येत नाही हो, ती खाली बांधलेली असते. चावली जाते, बाजूनं थोडी फाटते आणि आठवड्यात भरून येते. दात भरून येत नाही.

मग थांबली. "किल्ल्या दिल्या न्हवं, म्हणूनच थांबलं की," असं आप्पा त्या दिवशी म्हणाले आणि आजतागायत म्हणतात.

पुढं रीतसर एका देवस्थानाला पाच अमावास्या झाल्या, दंडात ताईत आला. सात महिने काही झालं नाही. श्रेय ताईताला. दिवाळीच्या साड्यांचं काम आलं, माग रात्रंदिवस चालू, माझं पुन्हा जागरण, आणि एका रात्रीत दोन फिट. तेव्हा कुठं आईनं हट्ट धरला आणि मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर कन्नड, आईचं कन्नड बाजारापुरतं, त्यामुळं दुभाषी आप्पाच. डॉक्टरांनी बारीक बारीक विचारलं. डोळे वर गेले होते का, मान एका बाजूला वळली का, आधी एकच हात उडत होता का, कपड्यात लघवी झाली का. न्हाताना डोक्यावर कढत पाणी ओततो का, हेही विचारलं. आम्हाला हसू आलं, पण डोक्यावर गरम पाणी घेताना येणारी फिट हा खरोखरचा प्रकार आहे आणि आपल्या कर्नाटकात त्याची बरीच नोंद आहे. शेवटी विचारलं, किती वेळ चालली? आप्पा म्हणाले, अर्धा तास तरी. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास चालली असती तर हा इथं चालत आला नसता. पुढच्या वेळी कुणीतरी घड्याळ बघा.

ईईजी नॉर्मल आला. आप्पा खूश, कागद कोरा म्हणजे रोग नाही. वास्तविक ईईजी म्हणजे त्या वीस-तीस मिनिटांत मेंदूत काय चाललंय त्याची नोंद. त्या वेळेत गडबड पकडली गेली नाही तर कागद चांगलाच दिसणार. तुमच्या भावाचा ईईजी कोरा आला तर घरचे हेच म्हणतील, तयारीत राहा.

गोळ्या सुरू झाल्या, डोस हळूहळू वाढवायचा होता, आणि 2004 च्या संक्रांतीच्या आसपास आणखी एक फिट आली. त्या दिवशीची हकिगत मी हजारदा ऐकली आहे आणि अजून ऐकायला तयार आहे. धाकट्या भावाला नुकतंच मनगटी घड्याळ मिळालं होतं. तो माझ्याशेजारी बसून सेकंद मोजत राहिला. आप्पा करगोटा चाचपतात तर जुडी नाही! "किल्ल्या खट्टे हाईत? किल्ल्या खट्टे हाईत?" म्हणत पडवी, देवघर, शेड पालथं घातलं. किल्ल्या माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरकडं होत्या आणि जॉबर चहाला गेलेला. आप्पा त्याला बखोटीला धरून घेऊन आले तोवर मी कुशीवर घोरत होतो. एक मिनिट पन्नास सेकंद. लोखंडाचा कण मुठीत नसताना.

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मेंदूतल्या पेशींचा करंट एकदम उसळतो आणि मेंदू स्वतःच तो आवरतो. त्या दोन मिनिटांत तुम्ही कांदा फोडा, चप्पल लावा, उलथनं द्या, भीमसेनी कापूर हुंगवा, ज्याच्या हातात शेवटी जे असतं त्याला श्रेय. उसणीचंही तेच. साधी उसण आठ-पंधरा दिवसांत, फार तर महिना-दीड महिन्यात आपली आपण उतरते. माणूस पायाळूकडं येतो कधी? तिसऱ्या-चौथ्या दिवशी, अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर ती उतरणारच असते. आप्पांना हे एकदा सांगितलं, तर चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. पण मागाचा बीम उचलताना त्यांचीच कंबर धरली तेव्हा पायाळूला लाथ कोण मारणार? गुपचूप फिजिओथेरपीला जात होते. सदऱ्याखाली पट्टा होता, आईनं बघितलाय.

गोळीचं मात्र नशीब उलटं. ती काम करते तेव्हा काहीच घडत नाही, त्यामुळं तिचं काम कुणाला दिसत नाही. मीही त्यातलाच. तीन वर्षं एकही फिट नाही, म्हणून 2007 मध्ये मीच ठरवलं की बरा झालो, आणि एका दिवसात गोळ्या बंद केल्या. नवव्या दिवशी दुसऱ्या रेल्वे गेटजवळ सायकलवरून पडलो, गळ्याचं हाड मोडलं. आप्पा बघायला आले आणि म्हणाले, "खिशात किल्ल्या ठेव म्हटलं होतं न्हवं?" प्लॅस्टरपेक्षा ते जास्त लागलं. आता त्यांच्या नाकासमोर रात्री साडेनऊला गोळी घेतो.

गोळ्या गुणाच्या असल्या तरी साध्या नाहीत. फेनिटॉइननं माझ्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, म्हणून ती बदलून लेव्हेटिरासिटॅम दिली. तिनं चिडचिड वाढते, असं बायको म्हणते. मी म्हणतो ती गोळीमुळं नाही. लग्नाआधी तिच्या घरी सगळं सांगितलं होतं, तेही आप्पांच्या विरोधात. हिंदू विवाह कायद्यातही पूर्वी वेडाच्या जोडीला अपस्मार हा शब्द होता, तो 1999 साली काढला. कायदा सुधारला, आप्पा सुधारले नाहीत. गाडीच्या परवान्याच्या अर्जात मात्र फिट येते का हे अजून विचारतात. मी खोटं लिहिलं नाही, लाल बसनं फिरतो.

किती वर्षं हे मी सांगू शकत नाही, आणि जो न तपासता आकडा सांगेल त्याच्याकडं जाऊ नका. साधारण दोन वर्षं एकही फिट आली नाही तर डॉक्टर कमी करण्याचा विचार करतात, तोही काही महिन्यांत थोडं थोडं करून. काहींना कायमच लागतात, मला लागतात. पण योग्य गोळ्या नीट घेतल्या तर दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. गोळी चुकवणं, जागरण आणि दारू, फिट ओढवून आणणारी ही तीन कारणं त्याच्या वयाची. एमआरआय सांगितला असेल तर टाळू नका. आपल्याकडं जंताच्या अंड्यांमुळं मेंदूत गाठ होऊन फिट येणारे पुष्कळ असतात, आणि ती अंडी न धुतलेल्या कच्च्या भाजीतूनही पोटात जातात. माळकरी आहोत म्हणून सुटका नाही.

आजीला काय सांगायचं? कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याची गुंडी सोडा, आजूबाजूची विळी-पाट सरकवा. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत, खांदा निखळतो. एकानं घड्याळ बघायचं, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, डॉक्टरला तो फार उपयोगी पडतो. उलथनं द्यायचंच असेल तर फिट संपल्यावर द्या, म्हातारीचं समाधान.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं. मी माग चालवणारा माणूस, डॉक्टर नाही. "आपोआप थांबते" हे पाच मिनिटांच्या आतल्या फिटसाठी. पाच मिनिटांवर गेली, शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर असेल, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर 108 ला फोन करा. लांबलेली फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलॅम या औषधाचा स्प्रे घरी ठेवावा का, हे भावाच्या डॉक्टरला विचारा. कंबरदुखीतही पाय बधिर झाले किंवा लघवीचा ताबा गेला तर सहा आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना.

गेल्या वर्षी शेजारच्या पोराला गल्लीत फिट आली. आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे, पण सगळ्यांच्या आधी पोचले. पोराला कुशीवर वळवलं, गर्दी मागं हटवली, तोंडात घालायला कुणी चमचा आणला त्याला शिव्या दिल्या. मी धावत गेलो तर म्हणाले, "दोन मिनिटं दहा सेकंद." मी पोराची मूठ उघडून बघितली. किल्ल्या होत्याच.

तेव्हा तुम्हाला एक विनंती. भावाला पुन्हा फिट येऊ नये. पण आलीच, आणि उलथनं सापडायच्या आत थांबली, तर किती मिनिटं-सेकंद लागले ते इथं खाली लिहा. आप्पांना दाखवायचंय.