शिणाणे आणि पंचगंगेतली शिंपली

प्रश्न : माझं माहेर मालवणचं, सासर कोल्हापूरचं. लहानपणापासून शिणाणे (समुद्रातल्या खडकांना धरून राहणारी शिंपली) खाल्लेत. परवा पंचगंगेच्या काठावर मुलाला लांबट, काळपट शिंपली सापडली. मोबाईलवर दोन्हींना ‘मसल’च म्हटलंय. दोन्ही एकाच कुळातली का? नदीतली खाल्ली तर चालतील?
– एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : ताई, आडनाव पाटील म्हणून सगळे भाऊबंद होत नाहीत, आणि कोल्हापुरात तर नाहीतच. तसंच हे. तुमच्या शिणाण्यांचं जवळचं नातं कालवांशी, मोत्याच्या शिंपल्यांशी. नदीतली शिंपली त्यापेक्षा ‘तिसऱ्या’ नावाच्या तुमच्या शिंपल्यांना जवळची. या दोन शाखा ४० कोटी वर्षांहूनही आधी वेगळ्या झाल्या.

पटत नसेल तर शिणाणे साफ करताना बघा. शिंपल्याच्या फटीतून काथ्यासारखे केस बाहेर आलेले असतात, ते तुम्ही ओढून टाकता. ते केस प्राण्यानं स्वतः, पायातल्या ग्रंथीतून काढलेले असतात. त्यांनीच तो लाटांत खडकाला धरून राहतो. मी एकदा जिवंत शिणाणे समुद्राच्या पाण्यात पातेल्यात ठेवले होते. सकाळी एकानं स्टीललाच धागे चिकटवलेले! मोत्याचा शिंपलाही असाच धाग्यांनी धरतो. कालव मात्र एक शिंपला थेट खडकालाच चिकटवून मोकळं होतं.

नदीतल्या मोठ्या शिंपलीला हे धागे नसतात. ती चिखलात पाय रुतवून बसते. मुलाची शिंपली उघडून बिजागरीवरून नख फिरवा, आतले उंचवटे लागतील. शिणाण्याची बिजागरी जवळपास सपाट. (आम्ही पोरं हीच शिंपली घाटाच्या दगडावर घासून भोक पाडायचो आणि तिनं कैऱ्या सोलायचो. सोलाणं विकत आणायला पैसे कुणाकडे होते!)

खरी गंमत पिल्लांची. शिणाण्यांची पिल्लं काही आठवडे समुद्रात तरंगतात. नदीत तसं केलं तर प्रवाहाबरोबर वाहूनच जातील. म्हणून नदीतल्या शिंपलीची पिल्लं माशाच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटतात, काही दिवस फुकट प्रवास करतात आणि मग गळून तळाशी बसतात. म्हणजे नदीतले मासे गेले की शिंपल्याही गेल्या.

आता खाण्याचं. दोघीही पाणी गाळून पोट भरतात, त्यामुळे पाण्यातलं जे काही असेल ते अंगात साठतं. पंचगंगेत काय काय सोडलं जातं ते शुक्रवार पेठेत राहणाऱ्याला मी काय सांगू? शिंपली मुलाच्या खेळण्यात ठेवा. शिणाणे माहेरूनच मागवा.