नवीन एसएमपीएस बसवल्यावर पंखा एकदा हलून थांबतो. मदरबोर्ड गेला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुना मॉड्युलर एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा, ज्याच्या केबल सुट्या निघतात) गेला म्हणून दुसऱ्या कंपनीचा ५५० वॉटचा मॉड्युलर एसएमपीएस बसवून घेतला. आता बटण दाबलं की पंखे अर्धा फेरा मारून थांबतात. बसवणारा म्हणतो, मदरबोर्ड गेला, नवीन टाका. प्रोसेसर आय५-१०४००एफ, कार्ड जीटीएक्स १६५०, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क. ५५० वॉट पुरतात का, हेही तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीय : "मागच्या केबल नीट बांधलेल्या होत्या म्हणून त्याने त्याच ठेवल्या, फक्त डबा बदलला."

त्या एका ओळीसाठी हे उत्तर लिहितोय. बोर्डाचे पैसे देऊ नका. आणि परत परत बटण दाबून बघणं आत्ताच्या आत्ता थांबवा, मागची वायर भिंतीतून काढा.

मॉड्युलर केबलचं बोर्डाकडचं टोक ठरलेलं असतं. चोवीस पिनांमध्ये कुठे किती व्होल्ट यायचे हे एटीएक्सच्या (पीसीचे बोर्ड आणि एसएमपीएस यांच्या) मानकात लिहिलेलं आहे, ते पाळणारी कोणतीही कंपनी ते बदलत नाही. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असं कुठलंच मानक नाही. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने पिना लावते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही त्या वेगळ्या असू शकतात. कोर्सेअर तर आपल्या केबलवर टाइप ३, टाइप ४ असं छापूनच देते, कारण त्यांच्या स्वतःच्याच चोवीस पिनांच्या केबल या दोन टाइपांत वेगळ्या आहेत. पण डिस्कच्या केबलचं प्लॅस्टिकचं कनेक्टर दिसायला सारखं, पिनांची घरं सहाच, क्लिप बसते, टक् आवाज येतो. बसलं म्हणजे बरोबर बसलं, असं समजलं जातं आणि तिथेच घात होतो.

लग्नाचे अल्बम डिझाइन करणाऱ्या एकाचा पीसी दुरुस्तीला आला होता, त्याचा किस्सा सांगतो, कारण लक्षणं हुबेहूब तुमचीच होती. जुना एसएमपीएस काढून नवा बसवलेला, सॅटाच्या, म्हणजे डिस्कना वीज देणाऱ्या, केबल जुन्याच ठेवलेल्या. पहिल्यांदा चालू केला तेव्हा क्षणभर वास आला, मग पंखा हलायचा आणि थांबायचा. दुकानात बोर्ड गेला म्हणून सांगितलं. त्याने नवा बोर्ड घेतला, तोही तिथेच बसवला. परत तेच. मग प्रोसेसर गेला असेल म्हणून सांगितलं. तोवर कोणीही हार्ड डिस्कची वायर काढून बघितली नव्हती!

हार्ड डिस्क आणि एसएसडी काढली, पीसी पहिल्या बटणाला चालू झाला. डिस्प्ले आला, बायोसमध्ये गेला. आधीचा 'गेलेला' बोर्ड टेबलावर लावून बघितला, तोही धडधाकट.

झालं असं होतं. जुन्या केबलीत सॅटाची ५ व्होल्टची तार ज्या घरात जात होती, नव्या डब्याच्या त्या घरात १२ व्होल्ट होते. म्हणजे हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या लाइनवर थेट १२ व्होल्ट गेले. हार्ड डिस्कच्या पाटीवर (खालच्या सर्किट बोर्डावर) पॉवर कनेक्टरजवळ दोन टीव्हीएस डायोड असतात, मोठा १२ व्होल्टच्या लाइनला, छोटा ५ व्होल्टच्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की हा डायोड ते स्वतःवर घेतो आणि फार झालं की जळून शॉर्ट होतो. त्याचं कामच ते आहे. पण एकदा तो शॉर्ट झाला की ५ व्होल्टची लाइन ग्राउंडला चिकटली. एसएमपीएसला चालू होताक्षणी शॉर्ट दिसतो आणि तो स्वतःला बंद करून घेतो. पंखा हलून थांबतो तो यामुळे. बोर्डाचा यात काही संबंध नाही.

त्या डिस्कची पाटी काढली (टॉर्क्स टी-६ चे स्क्रू असतात, काहींना टी-८ लागतो). मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून छोट्या डायोडच्या दोन्ही टोकांना प्रोब लावले, तर उलटसुलट दोन्हीकडून बीप. चांगला डायोड असा दोन्ही बाजूंनी वाजत नाही. तो सोल्डर सोडवून काढला, शेजारचा फ्यूजसारखा बारीक रेझिस्टर शाबूत असल्याची खात्री केली, पाटी परत लावली, नव्या डब्यासोबत आलेल्या केबलवर डिस्क जोडली. डिस्क फिरली, सगळी लग्नं जशीच्या तशी. लगेच दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढली, कारण डायोड काढलेल्या डिस्कला आता संरक्षण उरलेलं नसतं, ती रोजच्या वापराला ठेवायची नाही. एसएसडी मात्र कायमची गेली. अडीच इंची एसएसडी ५ व्होल्टवरच चालते, तिथे १२ आले की बहुतेक वेळा कंट्रोलरच जातो.

आणि कोणी 'त्याच मॉडेलची पाटी आणून बदलतो' म्हणालं तर देऊ नका. आजच्या डिस्कमध्ये त्या त्या डिस्कची मोजमापं पाटीवरच्या रॉममध्ये असतात. पाटी बदलली तर रॉमची चिपही नव्या पाटीवर हलवावी लागते.

आता तुमच्या पीसीचं. एसएमपीएसचं मागचं बटण, चोवीस पिनांचं कनेक्टर पूर्ण आत, प्रोसेसरजवळचं ४+४, हे सगळं बघितलं असेल असं धरतो.

नव्या डब्याच्या खोक्यातल्या केबल बाहेर काढा. जुन्या सगळ्या, एकूण एक, काढून टाका. बांधणी सुंदर असली तरी काढा. मग फक्त तीन गोष्टी ठेवा : चोवीस पिन, प्रोसेसरची केबल आणि एक रॅम. ग्राफिक्स कार्ड, दोन्ही डिस्क, समोरच्या यूएसबीच्या वायरी, सगळं बाहेर. एसएमपीएस संरक्षणात गेला असेल तर तो कधीकधी तसाच अडकून राहतो, म्हणून भिंतीचं बटण बंद करून मिनिटभर थांबा, मध्ये पॉवर बटण दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. मग चालू करा. तुमचा प्रोसेसर एफ आहे, त्यात ग्राफिक्स नाही, म्हणून या वेळी स्क्रीन काळीच राहणार. पंखा सतत फिरत राहिला तरी पुरे. डिस्प्ले बघायला नंतर कार्ड लावायचं.

फिरत राहिला तर एकेक वस्तू परत लावा, दर वेळी वायर काढून. जी लावल्यावर परत हलून थांबेल, ती शॉर्ट. तुमच्या बाबतीत हार्ड डिस्कवर पहिला संशय. एसएसडी एम.२, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी, असेल तर या केबलशी तिचा संबंधच नाही, ती वाचली असेल.

तिन्हीवरही थांबत असेल तर मल्टिमीटर घ्या. चोवीस पिनांचं कनेक्टर बोर्डात बसलेलंच ठेवा, काळा प्रोब एसएमपीएसच्या स्क्रूला लावा आणि लाल प्रोब कनेक्टरच्या मागून तारेशेजारी सरकवा. हल्ली बहुतेक वेळा सगळ्या तारा काळ्या असतात, रंगावरून काही कळत नाही, म्हणून असं मोजा. क्लिपच्या बाजूच्या रांगेत एक घर रिकामं असतं, ते एका टोकापासून पाचवं. त्याच रांगेत विरुद्ध टोकापासून चौथी तार म्हणजे रंगीत केबलीतली हिरवी, चालू करण्याची. रिकाम्या घराच्या बरोबर समोर दुसऱ्या रांगेत राखाडी (व्होल्टेज ठीक असल्याचं बोर्डाला सांगणारी), आणि राखाडीच्या शेजारी जवळच्या टोकाकडे जांभळी (स्टँडबाय, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणारी).

बटण न दाबता जांभळीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. नसतील तर त्या केबलवर एसएमपीएसच स्टँडबाय देत नाही, किंवा बोर्ड ती लाइन खाली ओढतोय. कनेक्टर बोर्डातून काढून परत मोजा, की दोघांपैकी कोण ते कळतं. जांभळी बरोबर असेल तर हिरवी बघा. बंद असताना तिच्यावर २ व्होल्टच्या वर काहीतरी, बहुतेक वेळा ३ ते ५ दिसतं, आणि बटण दाबल्यावर ते ०.८ च्या खाली यायला हवं. खाली येतच नसेल तर बटण किंवा बोर्ड. बोर्डावरच्या बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून बघितलं की बटणाचा दोष वेगळा काढता येतो. हिरवी खाली येते, पंखा हलतो आणि तरी सगळं बंद पडतं, तर एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट किंवा जास्त लोड दिसतोय. चालू राहिला तर राखाडीवर अर्ध्या सेकंदाच्या आत ५ च्या आसपास यायला हवं. ते आलं नाही तर बोर्ड रीसेटमध्येच अडकून राहतो, पंखे फिरतात पण पुढे काही होत नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी.

ही चार मापं घेतल्याशिवाय 'बोर्ड गेला' म्हणणाऱ्याला बोर्डाचे पैसे मिळता कामा नयेत. दहा मिनिटांचं काम आहे. साधा मल्टिमीटर लागतो, ऑसिलोस्कोप नाही. तेवढं न करता थेट बोर्ड, मग प्रोसेसर, असं करत लोकांकडून पैसे काढले जातात आणि चुकीच्या केबलचा विषयही निघत नाही, कारण ती केबल बसवणाऱ्यानेच ठेवलेली असते. केबल खोक्यात आलेल्या असतात. त्या वापरा. पंधरा मिनिटं वाचवण्यासाठी दुसऱ्याचा डेटा पणाला लावायचा अधिकार कोणाला नाही.

एवढं लिहिल्यावर एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्याने सॅटाचीच नाही तर चोवीस पिनांची किंवा प्रोसेसरचीही जुनी केबल ठेवली असेल, तर बोर्ड खरंच गेलेला असू शकतो. कोणत्या कोणत्या जुन्या ठेवल्या हे तुमच्या प्रश्नातून कळत नाही, म्हणून त्याला स्पष्ट विचारा. आणि ग्राफिक्स कार्डाला वेगळं कनेक्टर असेल तर तेही तपासा. प्रोसेसरचं आठ पिनी दोन सारख्या तुकड्यांत, ४+४ असं सुटतं, कार्डाचं ६+२ असं. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट्या आहेत. घरांचे आकार वेगळे असल्याने सहज बसत नाहीत, पण जोर लावणारे जोर लावतात. बऱ्याच जीटीएक्स १६५० ना वेगळी केबल लागतच नाही, कारण कार्ड ७५ वॉटचं आहे आणि तेवढे स्लॉटमधून मिळतात. यावरून ५५० वॉटचंही उत्तर मिळतं : १०४००एफ आणि हे कार्ड मिळून त्याच्या निम्म्यापर्यंतही सहसा जात नाहीत. वॉट कमी पडले म्हणून बंद पडतो, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

सगळं नीट चालू झाल्यावर यूपीएसवर लावाल, आणि लाइट गेल्या गेल्या पीसी बंद पडला, तर बोर्डाकडे बोट दाखवू नका. ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून येणारा करंट सुधारणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह मानवत नाही. तिथे प्युअर साइनवेव्हचा यूपीएस लागतो.

जुन्या केबल त्या जुन्या डब्यासोबतच पिशवीत बांधून वर मॉडेलचं नाव लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच होईल. सध्या तीन वस्तूंवर चालू करून बघा आणि नाहीच झालं तर जांभळी, हिरवी आणि राखाडी यांची मापं कमेंटमध्ये लिहा. बोर्डाचं त्यानंतर ठरवू.