झाड ओळखण्याआधी झाड लिहून ठेव

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

वनस्पती वर्गीकरणातच संशोधन करायचं तू ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. तू विचारलंयस नेट, पीएच.डी. आणि नोकरीबद्दल. तेही सांगतो, पण आधी झाडांच्या नोंदी करायच्या वहीबद्दल, कारण या विषयातलं काम पक्कं की कच्चं ते वहीवरून कळतं.

अभ्यासासाठी दाबून शीटवर, म्हणजे जाड कागदावर, चिकटवायचा झाडाचा नमुना वाळला की फुलाचा रंग उडतो, वास जातो, चीक दिसत नाही. झाड किती उंच होतं, साल कशी होती, जमीन मुरमाड होती की काळी, यातलं काहीच शीटवर उरत नाही. म्हणून हे सगळं झाडापाशी उभं राहून लिहायचं. संध्याकाळी घरी आठवून लिहिलेल्या नोंदीवर विसंबू नकोस. तारीख, गाव, तालुका, जीपीएसचे आकडे आणि संग्रह क्रमांक, म्हणजे तू गोळा केलेल्या नमुन्याचा अनुक्रमांक, हवाच. क्रमांक १ पासून सुरू कर आणि तोच आयुष्यभर पुढे चालव. दर वर्षी पुन्हा १ पासून मोजलंस तर एकाच क्रमांकाची अनेक झाडं होतील आणि पुढे कुणालाच मेळ लागणार नाही. नोंद नसलेला नमुना म्हणजे नुसता कडबा.

आपल्याकडे हंगाम तोकडा. पावसाळी रोपं आणि गवतं जुलै ते ऑक्टोबरमध्येच उरकावी लागतात. कुसळी, मारवेल, शेडा, पवन्या यांची कणसं पिकायच्या आत घे. उशीर झाला की कणिशकं, म्हणजे कणसातले फुलांचे बारीक घटक, गळतात आणि हातात काडी राहते. गवत खुरप्यानं मुळासकट काढ, कारण ते वर्षायू की बहुवर्षायू हे बुडख्यावरून ठरतं. झाडांचं उलटं आहे. पळस, काटेसावर, सालई, गणेर फुलतात तेव्हा अंगावर पान नसतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी फूल घे, झाडाला ॲल्युमिनियमची पट्टी सैल तारेनं बांध आणि पावसाळ्यात पानासाठी त्याच झाडाकडे जा. शेजारच्या झाडाचं पान चालेल असं समजलीस तर एका शीटवर दोन जाती येऊ शकतात.

प्रेसच्या, म्हणजे नमुने कागदात दाबून वाळवायच्या साच्याच्या, फळ्या साधारण ४५ × ३० सें.मी. असाव्यात, शीट ४२ × २८ सें.मी.चं. फांदी मांडताना एक तरी पान उलटं ठेव, म्हणजे खालची लव आणि शिरा दिसतील. पहिला कागद २४ तासांनी बदलायचा. तेव्हा झाड लिबलिबीत झालेलं असतं, त्यामुळे दुमडलेलं पान सरळ करायची ती शेवटची संधी. पुढे पावसाळ्यात रोज बदल. ओल राहिली की पान काळं पडतं नाहीतर बुरशी धरते. मांसल खोडाची वनस्पती दाबात जिवंतच राहते, म्हणून फुलं वेगळी काढून खोड क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून मग दाब. खर्पुडीची (सेरोपेजियाची) फुलं मात्र ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेव. चपटी झाली की आतल्या किरीटाची, म्हणजे मुकुटासारख्या भागाची, रचना कळत नाही. तिचा कंद उकरू नकोस, फांदीवर भागतं.

जुन्या संग्रहांतल्या शीट हाताळल्यावर हात धू, त्यांना बहुधा मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असतं.

ओळख पटवण्याचा सराव साध्या तणांवर कर. रस्त्याकडेचा तरोटा घे. त्यात तीन जाती मिसळतात, त्यांची शास्त्रीय नावं पुढे देतो. सेना टोरात पानाच्या दांड्यावरच्या ग्रंथी पर्णिकांच्या खालच्या दोन जोड्यांमध्ये असतात आणि फळाचा देठ आखूड. सेना ऑब्ट्युसिफोलियात ग्रंथी सगळ्यात खालच्या जोडीतच आणि देठ लांब. त्यांच्यातच दाट लवेची, आखूड शेंगांची सेना युनिफ्लोराही उभी असते. लोक तिन्हींना तरोटाच म्हणतात. लोकनाव लिहून घे, पण त्यावरून जात ठरवू नकोस.

नावं बदलतात म्हणून वैतागू नकोस. २००५ च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे प्रजातीचं नाव ऑस्ट्रेलियन जातींकडे ठेवायचं ठरलं, म्हणून आपली बाभूळ आज व्हॅचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगॅलिया कॅटेचू. झाड तेच आहे, नियमांनी नाव हललं.

आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनग्रंथात, हा भाग नाही. इथे डॉ. व्ही. एन. नाईक यांचा १९९८ चा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हाताशी हवा. त्याच्याशी ताडून बघायला विद्यापीठाचा संग्रह, आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं १९५५ पासूनचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. गौताळा, येडशी अशा अभयारण्यांत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नकोस.

नवीन जातीची घाई करू नकोस. दिसलेला फरक अनेकदा वयाचा, सावलीचा किंवा चराईचा असतो. दोन-तीन ठिकाणचे, दोन हंगामांतले नमुने आणि जवळच्या जातीचा मूळ नमुना (ज्याला त्या जातीचं नाव बांधलेलं असतं तो) बघितल्याशिवाय लिहू नये. २०१२ पासून लॅटिनऐवजी इंग्रजी वर्णन चालतं, पण मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात ठेवला हे सांगावंच लागतं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे तो अधिकृत भांडारात जमाही करावा लागतो.

नोकरीचं खरं सांगायचं तर जागा थोड्या आहेत. एम.एस्सी.ला आवृतबीजी, म्हणजे सपुष्प वनस्पतींचं, वर्गीकरण घे आणि सीएसआयआर-यूजीसी नेट दे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणातली बॉटनिस्टची पदं यूपीएससीमार्फत भरतात. त्याखेरीज प्राध्यापकी, आयुर्वेदिक कच्च्या मालाची ओळख, पर्यावरण अहवाल, ग्रामपंचायतींच्या लोक जैवविविधता नोंदवह्या, अशी कामं असतात. गवतं किंवा लव्हाळे यांच्यासारख्या अवघड कुळात हात बसला तर या सगळीकडे तुझी गरज पडेल, कारण तिथे माणसं कमी आहेत.

श्रावण संपायच्या आत पहिले दहा नमुने वाळवून वहीसकट घेऊन ये. नावं लिहू नकोस, वर्णन मात्र पुरं असू दे.