एकट्याने राहताना मोजक्या साहित्यात रोजचं चविष्ट, सकस जेवण कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पुण्यात आलात, खोलीत एक शेगडी आणि एक कुकर आहे, मेसचा कंटाळा आलाय, आणि घरी केलेलं वरण आजाऱ्याच्या जेवणासारखं लागतं. ते शेवटचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. तुमच्याकडे जे साहित्य आहे त्यात उत्तम जेवण होतं. कशानंतर काय घालायचं आणि किती वेळ थांबायचं, एवढंच हाताला लागायचं राहिलंय.

माझं ऐका, पहिला आठवडा फक्त आमटी करा. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि थोडं तेल घालून कुकरला तीन-चार शिट्ट्या करा. चिंच, कोकम, टोमॅटो यातलं काहीही या वेळी घालू नका, आंबट पडलं की डाळ शिजता शिजत नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी घाईघाईत चिंचेचा कोळ डाळीतच घातला होता. सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली येत होती. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला शेजारी उभं केलं आणि सगळी आमटी पहिल्यापासून करून दाखवली. आजही मी तशीच करते.

फोडणीला घाई करू नका. दोन चमचे तेल तापलं की मोहरीचे दोन-तीनच दाणे टाकून बघा. लगेच तडतडले तर बाकीची मोहरी घाला, आणि तडतड थांबेपर्यंत पुढचं काही घालू नका, कारण कच्ची राहिलेली मोहरी कडवट लागते. मग जिरं, चार मेथीदाणे. मेथी लालसर झाली की हिंग आणि कढीपत्ता, आणि लगेच गॅस बंद. हळद-तिखट त्यानंतर. या दोन्ही पुडी कडकडीत तेलात क्षणात करपतात आणि तो करपट वास मग कशानेही जात नाही. त्यावर घोटलेली डाळ ओता. पाणी, मीठ, छोट्या सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, साधारण तेवढाच गूळ आणि एक चमचा गोडा मसाला घालून मध्यम आचेवर ७-८ मिनिटं खळखळू द्या. बहुतेक जण एक उकळी आली की उतरवतात. तुमचं वरण तिथेच फसत असावं. डाळ, आंबट, गूळ एकजीव व्हायला तेवढा वेळ लागतोच.

गोड्या मसाल्यात धणे, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी आणि दगडफूल असतं. मला विचाराल तर त्याचा खरा वास दगडफुलाचा. एका वेळी १०० ग्रॅमच घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुसरे मसाले सध्या नकोत.

भातावर आमटी घेतली की लिंबू पिळा. प्रथिनांच्या घटकांपैकी तांदळात लायसीन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, दोन्ही एकत्र खाल्ले की एकमेकांची उणीव भरून निघते. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोहही जास्त अंगी लागतं.

भाजीसाठी एखाद्या रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईत जा. ती दगडी इमारत १८८६ सालची आहे, पण मी सांगते ते ताज्या पाल्यासाठी. थंडीत चाकवत दिसला तर सोडू नका. थोडी हरभऱ्याची डाळ आणि मूठभर दाणे घालून शिजवा, ताकात बेसन कालवून त्यात घाला, वर लसणाची फोडणी द्या. भाताबरोबर त्यासारखं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

पोळ्या सुरुवातीला पोळीभाजी केंद्रातून आणल्या तरी चालेल. भाकरी करायचीच असेल तर ज्वारीचं पीठ ताजं दळून आणा आणि उकळत्या पाण्याने भिजवा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, मग कितीही मळलं तरी भाकरी थापताना फुटते.

रोज कच्चं काहीतरी पानात हवं. काकडी चोचवून, म्हणजे सुरीने घाव घालत बारीक चिरून, त्यात दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर आणि वर तूप-जिऱ्या-मिरचीची फोडणी. मीठ अगदी वाढताना घाला, आधी घातलं तर पाणी सुटून कूट लगदा होतं.

आमटी जमली की मटकीकडे वळा, कारण फोडणी तीच आहे. रात्री भिजवा, सकाळी पाणी पूर्ण निथळून ओलसर फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात दीड दिवससुद्धा लागतो, तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून उबेला ठेवा आणि फडकं वाळलं तर पाण्याचा हबका मारा. आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं असं समजा आणि पुढच्या वेळी फडक्यात बांधण्याआधी मटकी चाळणीत अर्धा तास राहू द्या.