रस्त्यावरून सर्किटवर : हौशी मोटरसायकल शर्यतीची सुरुवात कशी करावी?

तुमचे वय ३१ आहे, गेली सहा वर्षे तुम्ही ६०० सीसीची सुपरस्पोर्ट (शर्यतीच्या धाटणीची वेगवान) गाडी रस्त्यावर विनाअपघात चालवत आहात आणि आता हौशी शर्यतीत उतरण्याचा विचार आहे. तेव्हा याच गाडीत कोणते बदल करावेत आणि वय आडवे येईल का, असे तुम्ही विचारले आहे. वय आडवे येणार नाही. हौशी गटांत तिशी-चाळिशीत सुरुवात केलेले स्वार पुष्कळ असतात. गाडीबद्दलचे माझे उत्तर मात्र तुम्हाला फारसे रुचणार नाही: ती गाडी शर्यतीला वापरू नका.

आधी ‘रोड रेसिंग’ या नावाचा घोळ मिटवतो. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या, म्हणजे एफआयएमच्या परिभाषेत डांबरी सर्किटवरची शर्यत म्हणजे रोड रेसिंग. ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन या बेटावर १९०७ पासून होणारी टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही शर्यत सार्वजनिक रस्ते बंद करून, साठ किलोमीटरहून लांब फेरीवर होते आणि तिथे भिंती, झाडे, घरे अगदी कडेला असतात. तो नवख्यांचा प्रांत नव्हे. मी पुढे जे लिहितो आहे ते बंदिस्त सर्किटबद्दलच आहे.

६०० सीसीच्या गाडीला माझा विरोध आहे तो तिच्या वेगापेक्षाही ती चुका झाकते म्हणून. वळणात तुम्ही कितीही घाबरून हळू गेलात तरी पुढच्या सरळ पट्ट्यावर थ्रॉटल उघडताच ती गाडी तुमची उणीव भरून काढते, आणि आपण चांगले चालवतो असा समज घेऊन तुम्ही घरी येता. ३०० ते ४०० सीसीच्या गाडीवर ही सोय नसते. वळणात गमावलेला वेग सरळ पट्ट्यावर परत मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक चूक फेरीच्या वेळेत उमटते आणि कुठे चुकले ते शोधावेच लागते. हा वर्ग पोरासोरांचा आहे असेही समजू नका. २०१८ मध्ये आना कारास्को हिने कावासाकी निंजा ४०० वर सुपरस्पोर्ट ३०० चे विश्वविजेतेपद मिळवले, आणि एकट्या स्वाराच्या सर्किट शर्यतीत जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. याहून लहान गाडी घेऊन कार्टिंगच्या ट्रॅकवर सराव करता आला तर फारच उत्तम: तासाभरात वळणे कितीतरी अधिक मिळतात आणि पडलात तरी कमी वेगात पडता.

गाडी निवडताना माझी कसोटी एकच असते. आज आपटली तर उद्या झोप उडणार नाही, अशी गाडी घ्यावी. त्या दृष्टीने कोणीतरी आधीच शर्यतीसाठी तयार केलेली वापरलेली गाडी सगळ्यात किफायतशीर पडते, कारण फायबरचे फेअरिंग (गाडीचे बाहेरचे आवरण), बदललेले फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या), सुटे लिव्हर असा पसारा बहुधा तिच्यासोबतच मिळतो.

मात्र गाडी घेण्याच्याही आधी एक दिवस मार्शल, म्हणजे वळणावर उभे राहून स्वारांना झेंडे दाखवणारा मदतनीस, म्हणून काम करा, असे मी आग्रहाने सांगेन. आयोजकांना मार्शलची चणचण नेहमीच असते आणि नवख्यांना ते शिकवून घेतात. एकाच वळणावर दिवसभर उभे राहिल्यावर जे दिसते ते प्रेक्षकांच्या कट्ट्यावरून कधीच दिसत नाही: वेगवान स्वार ब्रेक लावून वळण घेताना शांत दिसतो आणि मागे पडलेला स्वारच जास्त धडपडत असतो. शिवाय झेंडे अंगवळणी पडतात. पिवळा हलू लागला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक करायचे नाही. लाल म्हणजे सत्र थांबले, वेग कमी करून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबण्याच्या जागेत) परतायचे. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्त्यावर तेल, पाणी किंवा तत्सम काहीतरी निसरडे आहे. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत तुमचा क्रमांक दिसला तर तुमच्याच गाडीत बिघाड आहे. तेव्हा ताबडतोब ट्रॅकबाहेर व्हायचे, कारण तुमच्या गाडीतून सांडणाऱ्या तेलावर मागचे दहाजण घसरू शकतात. पांढऱ्या झेंड्याचा अर्थ मात्र संस्थेनुसार बदलतो, म्हणून ज्या संस्थेत नाव घालाल तिचे नियमपुस्तक मुळातून वाचा. परवान्याच्या वर्गात बहुतेक ठिकाणी झेंड्यांवर प्रश्न असतातच.

त्यानंतर काही ट्रॅक डे (शर्यत नसलेले, सर्किटवरच्या सरावाचे दिवस), एखादे प्रशिक्षण शिबिर, मग वैद्यकीय तपासणी आणि परवाना हा क्रम साधारण सगळीकडे सारखाच असतो. रस्त्यावरच्या गाडीचा नेहमीचा विमा बहुधा सर्किटवर लागू होत नाही, आणि तुमच्या आरोग्यविम्यातही शर्यतीचा अपवाद असू शकतो. ही दोन्ही कागदपत्रे पहिल्या ट्रॅक डेच्या आधीच उघडून पाहा.

अंगावरच्या साहित्यात काटकसर करू नका. एकसंध लेदर सूट, मनगटाच्या वर येणारे हातमोजे, घोट्याला आधार देणारे बूट, पाठीचा संरक्षक आणि दुहेरी डी-रिंगच्या पट्ट्याचे हेल्मेट हे किमान आहे. अंगावर घालायची एअरबॅग परवडत असेल तर गाडीला नवा एक्झॉस्ट घेण्याआधी ती घ्या. मोटोजीपीत २०१८ पासून ती सक्तीची आहे. सूट उभे राहिल्यावर थोडा अवघडलेला वाटला पाहिजे, कारण तो गाडीवर वाकलेल्या शरीरासाठी शिवलेला असतो. आणि ज्या हेल्मेटने एकदा जोरदार मार खाल्ला आहे ते वरून कितीही नवे दिसत असले तरी बाद समजायचे.

गाडीच्या तयारीचा बराचसा भाग वेगासाठी नसून इतरांच्या सुरक्षिततेसाठी असतो. आरसे, इंडिकेटर आणि स्टँड काढायचे. ग्लायकॉल असलेले कूलंट काढून साधे पाणी भरायचे, कारण ग्लायकॉल डांबरावर सांडले की साबणासारखे निसरडे होते आणि लवकर वाळत नाही. मागच्या स्प्रॉकेटपाशी (चेनच्या दातेरी चाकापाशी) बोट किंवा पाऊल अडकू नये म्हणून चेनखाली पात्यासारखे संरक्षण बसवायचे. इंजिन फुटले तर तेल ट्रॅकवर जाऊ नये म्हणून खालच्या फेअरिंगचा तळ बंद असावा लागतो. आणि ऑइल ड्रेनचा बोल्ट, ऑइल फिल्टर, तेल भरायचे झाकण या सगळ्यांना सेफ्टी वायर, म्हणजे ते सैल होऊन सुटू नयेत म्हणून बांधायची तार, लावायची.

या तारेने मला पहिला धडा शिकवला. बोल्टच्या षट्कोनी डोक्याला दीड मिलिमीटरचे भोक पाडताना मी तीन ड्रिल बिट मोडले, चौथ्याच्या वेळी आधी पंचाने खूण करून, तेल घालून, सावकाश दाब देत भोक आरपार नेले आणि पीळ घातलेली तार मोठ्या अभिमानाने बसवली. सकाळी तपासणीत तांत्रिक निरीक्षकांनी त्या तारेत बोट घालून ती हलकेच ओढली आणि विचारले, “हा बोल्ट सैल होण्याची दिशा कोणती?” मी तार अशी बांधली होती की तिचा ताण बोल्टला सैल करण्याच्या बाजूनेच बसत होता. तार नेहमी बोल्ट आवळणाऱ्या दिशेने ओढणारी हवी. माझे सरावाचे पहिले सत्र बुडाले, पण ती तपासणी मला कधी जाचक वाटली नाही.

ट्रॅकवर उतरल्यावर एका सत्रात एकच गोष्ट सुधारायची. मी नजरेपासून सुरुवात करायला सांगतो. नजर जिथे खिळते तिथे गाडी जाते. पुढचा स्वार मातीत घुसताना त्याच्याकडे पाहत राहिलात तर तुम्हीही त्याच्यामागे जाल. दुसरी गोष्ट ब्रेकची खूण. सरळ पट्ट्याच्या शेवटी २००, १०० मीटरच्या पाट्या असतात. सुरुवातीला गरजेपेक्षा आधी ब्रेक लावा आणि सत्रागणिक दोन-तीन मीटर पुढे सरका. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते, त्यामुळे रस्त्यावर बसलेला अंदाज इथे चालत नाही.

टायरबद्दल एक बारकावा कोणी आवर्जून सांगत नाही, म्हणून सांगतो. ज्या सर्किटवर बहुतेक वळणे उजवी असतात तिथे टायरची डावी बाजू थंडच राहते, आणि उजव्या वळणांच्या लांब माळेनंतर येणाऱ्या पहिल्या डाव्या वळणावर, विशेषतः पहिल्या दोन फेऱ्यांत, स्वार हमखास घसरतात. तिथे गाडी सावकाश झुकवा. टायरमधली हवाही रस्त्यावरच्या सवयीने ठेवू नका. टायर बनवणाऱ्याने सर्किटसाठी सांगितलेला आकडा घ्या आणि पिटमध्ये परतताच टायर गरम असताना पुन्हा मोजा.

पहिल्या शर्यतीत ग्रिडच्या (सुरुवातीला गाड्या उभ्या करायच्या रांगांच्या) शेवटच्या रांगेत उभे राहिलात तर वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या वळणातली गर्दी मागून पाहणे नवख्याच्या हिताचेच असते. तुमची रेषा, म्हणजे ट्रॅकवरून जाण्याचा तुमचा मार्ग, इतरांना आधीच ओळखता येईल अशी ठेवा. कोणी मागून येत असल्याचा आवाज आला तरी मागे वळून पाहू नका आणि वाट देण्यासाठी अचानक बाजूला होऊ नका. पुढे जाण्याची जबाबदारी मागच्याची असते. गाडीत काही बिघडले तर हात उंच करून रेषेबाहेर या.

तुमची ६०० सीसी विकण्याची घाई करू नका. लहान गाडीवर एक पूर्ण हंगाम काढा, प्रत्येक सत्रानंतर टायरचा दाब, फेरीची वेळ आणि कोणत्या वळणात काय चुकले हे वहीत लिहा. त्या वहीतल्या सलग पाच फेऱ्यांच्या वेळा एकमेकींपासून अर्ध्या सेकंदाच्या आत येऊ लागल्या की ६०० सीसीचा प्रश्न पुन्हा विचारा, तेव्हा माझे उत्तर कदाचित वेगळे असेल.